जिथे समुद्र लागत नाही

मोतुलेका बेटावर कुठूनही कुठेही चालायला लागलं, की थोड्या वेळात समुद्र लागतो. फुसीच्या घरापासून उगवतीला तीनशे दहा पावलं, मावळतीला साडेसहाशे, आणि चर्चच्या मागून अळवाच्या वाफ्यांतून गेलं तर आणखी शंभरेक. ही पावलं फुसीने मोजली नव्हती. तिला एवढी उसंत कुठली? ती मोजली होती तिच्या थोरल्या लेकीने, सेइनीने. सात वर्षांच्या पोरीची पावलं ती, मोठ्या माणसाने त्यातली निम्मीच धरावीत.

हे मोजण्याचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते आत्याच्या फोनमुळे. आत्या म्हणजे तोआकासे, फुसीच्या नवऱ्याची, फेलेतीची थोरली बहीण. चोवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेली आणि सॉल्ट लेक नावाच्या गावात राहिली. नवरा ट्रक चालवतो, ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करते. मूलबाळ नाही. वर्षातून दोनदा पिंपं भरून कपडे आणि डबाबंद मांस पाठवते, आणि रविवारी चर्च सुटलं की फोन करते. तशाच एका रविवारी फोन सेइनीच्या हातात आला.

"आत्या, तुझ्या घरापासून समुद्र कुठल्या बाजूला आहे?"

"कुठल्याच बाजूला नाही गं बाई."

"म्हणजे किती पावलं?"

"पावलं कसली घेऊन बसलीस! गाडीत बसून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गेलीस ना, तरी नाही लागायचा. डोंगर, मग वाळवंट, मग परत डोंगर."

"मग मासे?"

"डब्यातले."

सेइनीने फोन आईच्या हातात दिला आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मग तिने विचारलं, "आई, तिथे चालायला लागलं, तर थांबायचं कधी?"

"पाय दुखले की," फुसी म्हणाली. तिचं अर्धं लक्ष चुलीकडे होतं.

पण पोरीला ते उत्तर पुरलं नाही. शाळेत नकाशा होता. त्यावर मोतुलेका नव्हतं, हाआपाई हा आख्खा बेटांचा पुंजकाच नव्हता, पण अमेरिका होती. ती इतकी मोठी होती, की सेइनीचा पंजा पसरला तरी दोन्ही कडा झाकल्या जात नव्हत्या. त्या दिवसापासून ती रोज सकाळी उठून सांगायची, की काल मी तिथे गेले होते. स्वप्न एकच. ती चालतेय, चालतेय, जमीन संपतच नाही. मध्येच थांबून ती गोल गोल फिरून बघते, तर चहूकडे नुसती जमीन. बस्स, एवढंच. बर्फ नाही, उंच इमारती नाहीत, मिठाईची दुकानं नाहीत. फुसीला आधी हसू यायचं. "आज कुठवर गेलीस?" ती विचारायची. सेइनी गंभीरपणे सांगायची, "कालच्यापेक्षा पुढे."

धाकटी लुपे चार वर्षांची. अंगठा तोंडात, दुसऱ्या हातात बहिणीच्या झग्याचं टोक. सेइनी जे म्हणेल त्यातला शेवटचा शब्द ती पुन्हा म्हणायची. "पुढे," ती म्हणायची आणि परत अंगठा चोखायला लागायची.

फेब्रुवारीत तोआकासेचा फोन आला, की मी यंदा फाकामेला येते. फाकामे म्हणजे मे महिन्यातला पहिला रविवार, पोरांचा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये मोठी माणसं गप्प बसतात आणि पोरं बोलतात.

"येते, आठ-दहा दिवस राहते, मग राजधानीत, नुकुअलोफाला जाऊन कागदपत्रं करते," तोआकासे म्हणाली. "आणि जाताना तुमची एक पोरगी नेते. आमचं घर खायला उठतं गं."

फुसीने "बरं, वन्सं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भावाच्या घरातल्या कशालाही बहिणीने हात लावून 'छान आहे' म्हटलं की ते तिचं, मग ती चटई असो, डुक्कर असो की पोर असो. त्यात जुलूम आहे असं बेटावर कुणाला वाटत नाही, फुसीलाही आजवर वाटलं नव्हतं. तिनेही स्वतःच्या भावाच्या घरून दोन चटया आणि एक शिवणयंत्र उचलून आणलं होतं आणि वहिनीच्या तोंडाकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिने फेलेतीला सांगितलं. तो जाळं दुरुस्त करत होता.

"कुठली?" त्याने विचारलं.

"सेइनी. दुसरी कुठली? लुपे अजून अंथरूण ओलं करते. वन्सं म्हणाल्या, मी बावन्न वर्षांची, मला शाळेत जाणारी हवी."

"तिला जायचंच आहे," फेलेती म्हणाला. "रात्रंदिवस तेच चाललेलं असतं तिचं."

"सात वर्षांच्या पोरीला जायचं असतं म्हणजे काय असतं हो? उद्या ती चंद्रावर जायचं म्हणेल."

"मग मी काय करू? ताईला नाही म्हणू?"

तो हे विचारत नव्हता. लहानपणापासून तो बहिणीसमोर पाय पसरून बसला नव्हता, ती ज्या खोलीत असेल त्या खोलीत चेष्टामस्करी करत नव्हता. त्याने तिला नाही म्हणणं म्हणजे पाद्र्याने रविवारी मासेमारीला जाणं. फेलेती उठला आणि पुरुषांच्या बैठकीत कावा, ते मुळांचं गुंगीचं पेय, प्यायला निघून गेला. जाळं तसंच अर्धवट पडून राहिलं.

फुसीला त्या दिवसापासून काहीतरी झालं. रडू यावं तर तेही येत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तसं तिचं आतलं सगळं झालं होतं. ती स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, दुपारी गावच्या सभागृहात बायकांबरोबर केवड्याच्या पातींची चटई विणायला बसायची. नणंद येणार म्हणजे तिच्यासाठी मोठी, बारीक विणीची चटई हवी. पाती समुद्रात भिजवून, वाळवून, नखाएवढ्या रुंदीच्या चिरून ठेवल्या होत्या. बोटं आपोआप चालायची.

"कुठे गेलीस गं?" शेजारी बसलेली लाविनिया म्हातारी म्हणाली. "तीन पट्ट्या चुकलीस. आणि रडायचं असेल तर बाहेर जा. केवडा एकदा खाऱ्या पाण्यात भिजवून झालाय, परत नको."

"मी रडत नाही, आज्जी."

"तेच म्हणते मी. रडली असतीस तर बरं होतं." लाविनियाने पट्टी दातात धरून ओढली. "पोरीचं भलं होईल. माझे पाच परदेशी गेले. पाचही येतात."

"कधी येतात?"

"मयताला," लाविनिया म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या, आणि तीही हसली.

एप्रिल लागला आणि पाठांतर सुरू झालं. पाद्रीबाबांनी सेइनीला बावीस ओळी दिल्या. देवाने पाणी एकीकडे सारलं आणि कोरडी जमीन उघडी पडली, तिथपासून पुढचा भाग. सात वर्षांच्या पोरीला एवढं देत नाहीत, पण आत्या येणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तोआकासेने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "न अडखळता म्हणायला हवं हं. तिकडच्या शाळेत मुखदुबळं पोर नेऊन मी काय करू? दादाच्या मुलीचा पाठ मी गेल्या वर्षी व्हिडिओवर ऐकलाय, एकदम फाडफाड. ही अडखळली तर मी दादाचीच पोरगी नेईन." दादाचं घर नुकुअलोफाला, त्याला पाच पोरं. ते वाक्य फुसीच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मोतुलेकावर पाठ असा शिकवतात. पहाटे पोराला उठवायचं, तोंड धुवायचं आणि समोर बसवायचं. आई ओळ म्हणते, पोर म्हणतं. आठवड्याभराने आई आवाज काढणं बंद करते आणि नुसते ओठ हलवते. पोर ओठांकडे बघून म्हणतं. आणि फाकामेच्या दिवशीही आया पहिल्या बाकावर बसतात आणि आवाज न काढता सगळा पाठ ओठांनी म्हणतात. ज्यांची पोरं मोठी होऊन परदेशी गेली त्यांचेही ओठ मागच्या बाकांवर हलत असतात. पाठ पोराचा असला तरी म्हणतात दोघं मिळून.

सेइनी भराभर शिकली. तिला प्रत्येक ओळ म्हणजे अमेरिकेच्या दिशेने टाकलेलं एक पाऊल वाटत होतं, आणि ती तसं बोलूनही दाखवायची. "आज चौदा झाल्या. अजून आठ राहिल्या की मी जाणार, हो ना?"

"हो."

"तू पण ये ना."

"मला कोण नेतंय!"

"मग मी तिथून तुला सांगेन, किती चालले ते. रविवारी फोनवर."

"बरं."

फुसी "बरं" म्हणायची आणि पुढच्या ओळीसाठी ओठ हलवायची. लुपे चटईवर पालथी पडून अंगठा चोखत असायची. तिला झोपेतून उठवलेलं नसायचं, पण बहीण उठली की ती उठायचीच.

खोटं कशाला बोला, त्या महिन्याभरात फुसीच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. पोरीला पावसात भिजवावं, म्हणजे घसा बसेल. ओळी उलटसुलट शिकवाव्यात. पाद्रीबाबांना सांगावं, की तिला झेपत नाही. एकदा तर आदल्या दिवशी तिला घेऊन माहेरच्या बेटावर निघून जावं, असंही आलं. यातलं तिने काही केलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे, तर काही करायला जे आतून उठावं लागतं ते तिच्यात उरलं नव्हतं म्हणून. शेवटी तिला जे सुचलं त्यात काहीच करावं लागत नव्हतं.

तोआकासे शुक्रवारच्या बोटीने आली. आधी तिचा आवाज धक्क्यावर उतरला, मग ती.

"काय गं फुसी, वाळलीस की! माझ्या भावाला अजून मासे पकडता येत नाहीत वाटतं?"

"पकडतात हो, वन्सं. मासेच पळून जातात."

"जाणारच. त्याचं थोबाड बघून मीसुद्धा पळून गेले, थेट अमेरिकेला!" ती खदाखदा हसली. फेलेती चार पावलं मागे, तिच्या बॅगा घेऊन खाली मान घालून उभा होता. हसू त्याच्याही तोंडावर होतं, पण जमिनीकडे बघून.

वाईट बाई नव्हती ती. तेच तर अवघड होतं. तिने दोन्ही पोरींना छातीशी धरलं आणि खरोखर रडली. सेइनीसाठी पांढराशुभ्र झगा आणि काळे चकचकीत बूट आणले होते, लुपेसाठी बोलणारी बाहुली. घरात गेल्यावर मधल्या जागी, फुसीने विणलेल्या चटईवर ती बसली, हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे." झाली चटई तिची.

सेइनी तिच्यासमोर मांडी घालून बसली. "आत्या, तिथे अंगणात उभं राहिलं तर काय दिसतं?"

"पलीकडच्या बाईचं अंगण."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"तिच्या पलीकडच्या बाईचं."

"आणि शेवटी?"

"शेवट नाहीच गं. अंगणावर अंगण, अंगणावर अंगण." तोआकासेने तिची हनुवटी धरली. "चालशील का एवढं?"

सेइनीने मान हलवली. तिचा चेहरा असा काही उजळला होता, की फुसीने अळूच्या पानांचं पातेलं उचललं आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. बाहेर तिने पानांत नारळाचं दूध घातलं, मांस घातलं, पुड्या बांधल्या. सोळा पुड्या झाल्या. माणसं पाचच होती.

रविवारी चर्च फुललं होतं. पोरं पुढच्या बाकांवर, सगळी पांढऱ्या कपड्यांत, तेल लावलेले केस चापून बसवलेले. आया पलीकडच्या पहिल्या बाकावर. तोआकासे अगदी मध्यावर, कमरेला सणासुदीला गुंडाळतात ती चटई, डोक्यावर अमेरिकेहून आणलेली टोपी. फेलेती तिला दिसणार नाही अशा खांबाआड उभा होता.

दोन पोरं अडखळली, एक रडलं, एकाने पाठाऐवजी शाळेतली प्रार्थना म्हटली आणि सगळे हसले. मग सेइनी उठली. नवे बूट वाजवत पुढे गेली, वळली आणि आईच्या तोंडाकडे बघून तिने सुरुवात केली.

सुंदर म्हणत होती. फुसीचे ओठ हलत होते आणि पोरीचा आवाज निघत होता, जणू एकच गळा होता. मागून म्हाताऱ्या "मालिए, मालिए" अशी दाद देऊ लागल्या. तोआकासेने रुमाल काढला. दहावी ओळ झाली, बारावी झाली, तेरावी झाली.

चौदाव्या ओळीनंतर फुसीने तोंड मिटलं.

मिटलं म्हणजे घट्ट मिटलं, दातावर दात ठेवून. सेइनी थांबली. तिने आईकडे पाहिलं. फुसीने नजर वळवली नाही, तेवढं तिच्याने झालं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चर्च इतकं शांत झालं, की बाहेर डुक्कर कुंपणाला अंग घासत होतं तेही ऐकू आलं. फुसीला आत काहीच वाटत नव्हतं. वाईट नाही, बरं नाही, धडधडसुद्धा नाही. एवढंच वाटत होतं, की आता होऊन जाऊ दे. मग सेइनीनेही आपलं तोंड मिटलं आणि हात मागे बांधून उभी राहिली.

पाद्रीबाबा खाकरले. ते ओळ सांगायला पुढे वाकणार, तेवढ्यात पोरांच्या बाकावरून आवाज आला.

लुपे बाकावर चढून उभी होती. अंगठा तोंडातून काढला होता, त्याला लाळ लागलेली होती. कुणाकडेही न बघता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ती ओरडत होती. पंधरावी ओळ, सोळावी, सतरावी. अर्धे शब्द बोबडे, श्वास नको तिथे घेतलेला, पण एक ओळ चुकली नाही. बावीसाव्या ओळीपर्यंत पोचली, खाली बसली आणि अंगठा परत तोंडात घातला.

चर्चचं छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. बाया हसत होत्या, रडत होत्या, रुमाल हलवत होत्या. लाविनिया म्हातारी उठून जागच्या जागी नाचायला लागली. आणि तोआकासे आपलं भलंमोठं शरीर सावरत, बाकांमधून वाट काढत पुढे आली, लुपेला उचलून तिने खांद्यावर बसवलं आणि आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हीच! हीच माझी पोरगी!"

कोणीतरी फुसीला मिठी मारली. "भाग्याची गं बाई! एक अडखळली तर दुसरीने सांभाळलं!" फुसी म्हणाली, "हो." तिला स्वतःचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

फाकामेच्या जेवणात पोरं आधी जेवतात आणि मोठी माणसं वाढतात. फुसी भाजलेलं डुक्कर, कोनफळ, अळूच्या पुड्या वाढत लांबलचक पंगतीच्या कडेने फिरत होती. लुपे आत्याच्या मांडीवर होती. फुसी तिथे थांबली.

"वन्सं, ती अंथरूण ओलं करते."

"करू दे. तिकडे धुवायला मशीन आहे."

"रात्री दोनदा उठते. सेइनीशिवाय झोपत नाही."

"झोपेल गं. आठ दिवस रडेल, मग मला आई म्हणेल. लहान आहे तेच बरं." तोआकासेने वर पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत खरी माया होती. "तुला थोरली राहिली ना हाताशी? घरकामाला झाली. बघ, देवाने कसं नीट वाटून दिलं."

फुसीने मांडवाच्या खांबाआडच्या नवऱ्याकडे पाहिलं. फेलेती खांबालाच म्हणाला, "ताई म्हणेल तसं."

पुढचे दिवस कसे गेले ते फुसीला सांगता आलं नसतं. गावातच लुपेचे फोटो निघाले, तोआकासे नुकुअलोफाला जाऊन आली, कागद झाले, शिक्के झाले. फोटोत लुपेचा अंगठा तोंडाबाहेर ठेवायला तीन माणसं लागली म्हणे. सेइनीचा पांढरा झगा लुपेसाठी कमी करायचा होता. फुसीने उसवला, कापला, शिवला. बुटांच्या पुढच्या टोकात कापूस भरला. फेलेतीने एक दिवस न सांगता रानात जाऊन अजून पोसलीही नव्हती अशी कोनफळं उकरून काढली, ओळीच्या ओळी, आणि अंगणात आणून टाकली. मनगटाएवढीसुद्धा नव्हती. ती त्यांनी खाल्ली.

पावलं मोजणं सेइनीने सोडून दिलं होतं. पण लुपेला मात्र ती रोज अंगणात उभं करून शिकवायची.

"तिथे पोचलीस, की आधी बाहेर जायचं."

"जायचं," लुपे म्हणायची.

"मग असं गोल फिरायचं. हळू. पडायचं नाही. आणि समुद्र दिसतो का बघायचं."

"बघायचं."

"आणि रविवारी मला फोनवर सांगायचं. विसरशील का?"

"विसरशील," लुपे म्हणाली आणि हसली.

जायच्या दिवशी बोट सकाळची होती. धक्क्यावर अर्धं गाव आलं होतं. लुपेला काहीच समजलं नव्हतं. तिला वाटत होतं सगळेच चाललेत. बोटीच्या फळीवरून आत्याच्या कडेवर बसून ती आत गेली आणि मागे वळून म्हणाली, "सेइनी, ये." दोनदा म्हणाली. फळी ओढून घेतल्यावर तिने पुन्हा हाक मारली, आणि मग रडायला लागली. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. तोआकासेने तिला आत नेलं. फेलेती धक्क्यावरून सरळ रानात निघून गेला. बायकांनी गळे काढले, लाविनियाने सगळ्यांत मोठा. फुसी बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली, मग सेइनीचा हात धरून घरी निघाली.

वाटेत ओहोटीचं पाणी उतरत होतं. किनाऱ्यालगत दगडांखाली केवड्याच्या नव्या पाती भिजत टाकल्या होत्या, त्या काढायचा दिवस होता. पाती काढायच्या राहिल्या तर कुजतात. त्या दोघी पाण्याच्या कडेला थांबल्या.

"आई," सेइनी म्हणाली, "मला पुढचं येत होतं."

"काय?"

"पाठ. पंधराव्या ओळीपासून. मला सगळं येत होतं."

फुसी वाकून पातींवरचे दगड बघू लागली.

"तू तोंड मिटलंस ना. मला आधी वाटलं तू विसरलीस. मग मी बघितलं, तू विसरली नव्हतीस." तिने वाळूत पायाचा अंगठा रुतवला. "मला वाटलं, तू सांगतेयस, जाऊ नको. म्हणून मी थांबले."

"मी..." फुसी म्हणाली.

"लुपेला तुझ्या तोंडाकडे बघायचं कळत नाही. ती लहान आहे अजून," सेइनी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तिचं काही चुकलं नाही."

इतके महिने जे बधिर होतं ते आता तरी फुटेल, आता तरी आपण वाळूत बसून छाती पिटू, असं फुसीला वाटलं. तिने वाट पाहिली. काही फुटलं नाही. नुसता एक प्रश्न आला, आणि तो विचारू नये हे कळत असूनही तिने विचारला.

"तुला जायचं होतं ना गं?"

"हो," सेइनी म्हणाली. "खूप."

मग तिने झगा गुडघ्याच्या वर खोचला, पाण्यात उतरली आणि पहिला दगड उचलला. दगड तिला जड होता. फुसी तिच्या मागोमाग पाण्यात गेली, आणि दोघींनी मिळून पाती काढायला घेतल्या.